ठकीचे चार ठोके

सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं होतं, म्हणून शुक्रवारी मी तान्ह्या ठकीला बाटलीची सवय लावायचं ठरवलं. (हे महिनाभर आधी करावं असं पुस्तकात लिहिलंय. पुस्तक मी वाचलं होतं, अगदी अधोरेखित करून.) ठकीनं निपल तोंडात घेतलं, फसवणूक झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि दूध माझ्या चष्म्यावर परत केलं.

तेवढ्यात सासूबाईंनी वॉशिंग मशीन लावलं. आमचं मशीन म्हातारं, फिरताना धाड-टक-टक-टक वाजतं. ठकी थबकली आणि चक्क प्यायला लागली. मशीन थांबलं, तोंड मिटलं. मग मी धुतलेलेच कपडे धूत राहिले. (नवऱ्याचा निळा शर्ट आता पांढऱ्यात मोडतो.) शनिवारी मशीननं मान टाकली आणि माझा धीर सुटला. उपाशी लेकरू टाकून जायचं कसं?

सासूबाईंनी धाकट्या भाऊजींना बोलावलं. ते बँडमध्ये ड्रम वाजवतात. घरात त्याला अजून कुणी काम म्हणत नाही. त्यांनी बादली पालथी घातली आणि आधी लष्करी मार्च वाजवला. ठकी प्यायली. मग रॉक, मग डिस्को, शेवटी बोटांच्या टोकांनी अंगाई. ठकी पितच होती. मी विचारलं, हे सगळं एकच कसं?

"चार मोजायचे आणि पुन्हा एकावर यायचं. वजन कुठे टाकायचं, वेग किती, तेवढंच बदलतं."

मग त्यांनी गंमत म्हणून तिनाचा ठेका धरला. ठकीनं बाटली थुंकली. पुन्हा चार, पुन्हा घोट. सैनिक ज्यावर चालतात, पोरं ज्यावर नाचतात, त्याच चार ठोक्यांवर माझी लेक गिळत होती, आणि तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं मी गाणी ऐकली, पण त्यांच्या खालची जमीन कधी पाहिलीच नव्हती.

भारावून मीही थोपटत गायला लागले. ठकीचे ओठ घट्ट मिटले. भाऊजींनी डोळे मिटून ऐकलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "हा पाचवा ठोका कुठून आणलात?"

सोमवारी ऑफिसात जीव टांगणीला लागलेला. दुपारी व्हिडिओ कॉल केला. सासूबाई मांडीवर ठेका धरून पाजत होत्या आणि ठकी निवांत पीत होती. म्हटलं, फोन तिच्या कानाशी धरा, तिच्यासाठी एक ओळ गाते.

"अगं, आत्ता नको," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "बाटलीत अजून थोडं आहे."