सावत्र हेड

बादलीत शांपूचा फेस.

"ट्रक बाबांच्या वेळेसारखा चालला तर ठेवू. नाहीतर रविवारी भंगार."

शिवणकामाचा खडू, झिजलेला.

बाकड्यावर ओळीने चार हेड, न्हाऊनमाखून, लग्नाला निघाल्यासारखी.

टेलर त्या चौघांसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. सासऱ्यांच्या मागे उरलेला जुना ट्रक अंगणात गवत खात पडला होता आणि टेलरला तो चालता हवाच होता. सगळा जन्म दुसऱ्यांच्या मापात गेला. एक तरी गोष्ट मापाबाहेरची असावी, एवढंच त्याचं म्हणणं. बायकोने रविवारची मुदत दिल्यावर त्याने सुट्या भागांसाठी त्याच मॉडेलचं एक मेलेलं इंजिन आणलं आणि दोन्ही इंजिनं खोलली. प्रत्येकाला दोन हेड, म्हणजे वरची झाकणं. कुठलं कुठलं ते कळावं म्हणून टेलरने खडूने खुणा केल्या आणि धुण्याचं काम मेव्हण्यावर सोपवलं. मेव्हण्याचं सलून होतं.

"दाजी, डोक्यांचं मला सांगू नका," मेव्हणा म्हणाला. "एकेकाला दोनदा शांपू केलाय."

"आणि माझा खडू?"

"तो कोंडा नव्हता?"

टेलरने कपाळाला हात लावला. मग मुदत आठवून तोच हात पान्याला लावला. समोर आली ती दोन हेड ट्रकवर चढवली, बोल्ट आवळले, चावी फिरवली. धड्, धड्, फुस्स. धड्, धड्, फुस्स. ट्रक एका पायाने लंगडत असल्यासारखा जागच्या जागी हलू लागला.

पुन्हा खोलला. या वेळी दोघांनी चारी हेड उलटी करून पाहिली. तीन अगदी सारखी निघाली. चौथ्याच्या पोटातला खळगा मोठा आणि अंगानेही ते जड.

"तीन सख्खी, एक सावत्र," मेव्हणा म्हणाला. "दाजी, आपल्या बाबांच्या ट्रकातलं तर नसेल?"

"तुझ्या बाबांच्या ट्रकात भेसळ? बनियनलासुद्धा इस्त्री करायचे ते. हे त्या आणलेल्या इंजिनातलं."

सावत्र हेड दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याच्या हातगाडीत गेलं. जुळणारी दोन चढली. रविवारी सकाळी टेलरने चावी फिरवली आणि ट्रक त्याच्या शिलाई मशीनसारखा एका सुरात चालू झाला. मेव्हण्याचे डोळे भरून आले.

बायको दारात आली. कान देऊन ऐकत राहिली.

"हा कुणाचा ट्रक?"

"म्हणजे? तुझ्या बाबांचा."

"अहो, परवा बरोबर वाजत होता की. धड्, धड्, फुस्स. मी म्हटलं, झालं यांचं काम. बाबा गल्लीत शिरले की आई त्या फुस्सवर ताटं मांडायची. हा नुसता गुणगुणतोय."

"अगं, चांगला चालतोय."

"चांगला चाललेला कुणाला हवाय? बाबांसारखा, असं ठरलं होतं."

"ताई, थोडी मुदत..." मेव्हणा म्हणाला.

"मुदत संपली. तो बघ आलाच."

भंगारवाला फाटकातून हातगाडी आत घेत होता. टेलर इंजिन बंद न करताच खाली उतरला आणि धावला.

"ते परवाचं हेड कुठंय?"

"घरी. दाराला लावलंय. वाऱ्याने आपटायचं सारखं."

टेलरने उरलेलं सख्खं हेड उचलून त्याच्यापुढे धरलं. "त्याच्या बदल्यात हे घे. एकदम खानदानी आहे."

भंगारवाल्याने ते हातात तोलून पाहिलं. "हलकं आहे. याने दार राहायचं नाही."

टेलरने मागे वळून पाहिलं. "मग मेव्हणाही घेऊन जा."

"दाजी, माझं सलून?"

"वारा पडला की ये."

ते सावत्र हेड सासऱ्यांनीच एकदा दुरुस्तीच्या वेळी गॅरेजमधून एका पाण्याच्या टँकरचं उचलून आणलं होतं, चुकून; त्या दिवशी ते चष्मा घरी विसरले होते.