निलंबित वाढ, जबाबदार पुंजाजी

योगिनीला पाहायला येणारे पाहुणे आधी आपला प्लांट पाहतील आणि मगच पोरगी पाहतील, असं पुंजाजीनं ठरवून टाकलं होतं. प्लांट म्हणजे गावच्या नालीचं पाणी साफ करायचा. शेलूबाजारकडून येणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाशीच. ग्रामपंचायतीनं तो पुंजाजीच्या हाती दिला आणि तेव्हापासून त्याच्या बोलण्याला शास्त्राचा वास यायला लागला. नुसत्या शास्त्राचाच असता तरी गोजराबाईनं चालवून घेतलं असतं.

"पावने पोट्टीले पाहाले येऊन राह्यले, नालीले नाही," तिनं नवऱ्याला बजावलं.

"अवं, पोरगा तहसीलात नोकरीले हाये. सरकारी माणूस! आपल्या घरी त्याले का दिसन? दोन म्हशी. प्लांट पायला म्हंजे समजन, सासरा बी काही कमी नाही."

सरकारी जावई हा पुंजाजीचा ध्यास. त्यापायी त्यानं शेतीवाली चांगली चांगली स्थळं परतवून लावली होती. हेही हातचं गेलं तर घरात कुणी आपल्याला ताट वाढणार नाही, हे तो ओळखून होता.

घोळ केला तो पाटीनं. वाशीमहून साहेब तपासणीला येणार म्हणून ग्रामसेवकानं टाक्यांवर पाट्या लावायचं काढलं. एका टाकीत घाण खाणारे जिवाणू पाण्यात तरंगत वाढतात, दुसरीत दगडांना चिकटून वाढतात. तरंगणाऱ्यांचं 'सस्पेंडेड ग्रोथ' हे इंग्रजी नाव त्यानं मोबाईलमध्ये घातलं, मोबाईलनं जे मराठी ओकलं ते पेंटरला दिलं, आणि पेंटरनं लालभडक अक्षरांत, रस्त्याकडे तोंड करून, लिहून टाकलं : "निलंबित वाढ. जबाबदार : पुंजाजी." पुंजाजीला त्यातला शेवटचा शब्द फार आवडला. बाकीचं वाचायच्या भानगडीत तो पडला नाही.

पाहुण्यांची जीप घर विचारायला नेमकी तिथंच थांबली. मुलाचे वडील जानराव शिरपूर जैनचे, उभा जन्म ऑफिसात कारकुनी केलेले. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, मग बायकोला, ललिताबाईंना वाचून दाखवली. पगारवाढ अडकलेले लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण त्याची रस्त्यावर पाटी लावलेला हा पहिलाच. मागे बसलेल्या नवऱ्या मुलानं, लखननं, तेवढी पाटीकडे पाठ केली. तो जीपच्या दुसऱ्या खिडकीतून तुरीचं शेत पाहत बसला.

घरी आल्या आल्या जानरावांनी पुंजाजीचे दोन्ही हात हातात घेतले. "मनाले लावून घेऊ नका जी," ते म्हणाले. पुंजाजीला वाटलं, म्हशींबद्दल म्हणतायत.

पोहे आले. जानरावांनी हळूच विषय काढला. "रस्त्यानं पाटी पायली. कवापासून हाये?"

पुंजाजी फुलला. "मांगच्या दिवाळीपासून."

"कायच्यानं झालं?"

"घाण लय झाल्ती जी. केली साऱ्या गावानं, पण निस्तरा मलेच लागते."

जानरावांनी उसासा सोडला. नोकरीत असंच होतं. "वरच्या साहेबाले मालूम हाये?"

"मालूम? आमदारानं फीत कापली. गावात पेढे वाटले!"

ललिताबाईंचा चमचा तोंडाशीच थांबला.

"चौकशी गिन लागली का?"

"सोमवारी हाये. साहेब येऊन राह्यले. मी कायले भेतो? सारे प्रकार तोंडपाठ हायेत." पुंजाजीनं मांडी ठोकली. "पयले दोन. एक हवेवाले. त्याईले रातंदिवस हवा द्या लागते, तवा ते काम करतात. दुसरे बिनहवेचे. त्याईले झाकण लावून अंधारात कोंडून ठेवा लागते."

"कोंडून?" जानराव पुढे सरकले. "किती जण असन आत?"

"करोडो. मंग त्यात अजून दोन. तरंगते अन् चिकटू. तरंगते वाहून जातात, त्याईले पकडून वापस आना लागते. चिकटू बेस. काही करा, जागा सोडत नाहीत."

"ऑफिसात बी तेच टिकतात," जानराव म्हणाले.

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं मान हलवली, आणि ते बोलले, "आमाले सोयरीक मंजूर हाये. पोरगी पाह्याची बी गरज नाही. तुमाले पायलं, बस झालं."

पुंजाजीला गहिवरून आलं. प्लांटनं पोरीचं लग्न जमवलं होतं! त्यानं गोजराबाईकडे असं पाहिलं की ती उठून साखर आणायला गेली.

तेवढ्यात चहा घेऊन योगिनी बाहेर आली. बारावी सायन्सची पोरगी. आतून सगळं ऐकत होती आणि हसू दाबून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काका, बाबाची वाढ अडकली नाही. थे पाटी जिवाणूची हाये. पाण्यात तरंगतात म्हून मोबाईलनं त्याईले निलंबित केलं."

जानराव पुंजाजीकडे बघत राहिले. "म्हंजे तुमी निलंबित नाही?"

"एक दिवस बी नाही जी," पुंजाजी छाती काढून म्हणाला.

आता पाहुणे सुटल्यासारखे हसतील, म्हणून तो थांबला. कुणी हसलं नाही. ललिताबाईंनी पदर नीट केला. जानरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मले वाटलं, तुमाले सांगाले सोपं जाईन," ते म्हणाले. "आमचा लखन हाये. होळीपासून."

"वाढ?" पुंजाजीनं बारीक आवाजात विचारलं.

"निस्ती वाढ नाही जी," जानराव म्हणाले. "अख्खा लखन."