ड्रायव्हरच्या बाजूचं दार : सद्यःस्थिती

आमच्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार दुरुस्त झालं आहे. मात्र तसं काहीही झालेलं नाही, असं बाबांचं म्हणणं असून घरात तूर्त तेच अधिकृत मानलं जातं. वस्तू नीट झाली की नाही, हे शेवटी तिच्या बिघडण्याने ज्याची सोय होते त्यानेच ठरवायचं असतं.

सदर दार मागच्या उन्हाळ्यात उघडेनासं झालं. तेव्हापासूनची कार्यपद्धती अशी : आधी बाबा आईच्या बाजूने आत शिरतात, एक पाय गिअरवरून पलीकडे टाकतात, पोट वळवून घेतात, हॉर्न वाजतो (पोटामुळे, शेजारी त्यावर घड्याळ लावतात), आणि मग आई बसते. उतरताना सगळं उलट. म्हणजे आई उठल्याशिवाय बाबांना बाहेर पडता येत नाही.

या तरतुदीकडे बाबांचं दुर्लक्ष झालं. आईचं झालं नाही.

आईला लग्न झाल्यापासून गाडी शिकायची आहे. तिने विषय काढला की बाबांना नेमका कुणाला तरी फोन करायचा असतो. एकदा भाजी घेऊन परत आल्यावर गाडी थांबली तरी आईने पट्टा सोडला नाही.

"अहो, मला गाडी कधी शिकवताय?"

"अगं, उतर तरी आधी."

"उतरते की. सांगा."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी लहान होती. (पोटाच्या मानाने. एरवी चांगली आहे.)

"हे दार नीट झालं की लगेच. बिघडलेल्या गाडीवर शिकू नये माणसाने."

हे आश्वासन पूर्ण विचारांती दिलेलं होतं, कारण दार दुरुस्त करून घेण्याचं खातं बाबांकडेच होतं. ते त्यांनी चोख सांभाळलं. पार्ट मिळत नव्हता. पार्ट मिळाला तर गॅरेजवाला गावाला गेलेला असे. तो परत आला तेव्हा हवा दमट होती.

शेवटी आईने गॅरेजवाल्याला घरीच बोलावलं. त्याने दाराचं आतलं कव्हर काढलं, हँडलची सळई क्लिपमधून निसटली होती ती बसवली, आणि चहा निवायच्या आत दार उघडून दाखवलं.

"एवढंच होतं, काकू."

"काकांना सांग."

काकांनी ऐकलं, मान डोलावली, गाडीला वळसा घातला आणि पलीकडच्या दारातून आत शिरले. हॉर्न वाजला.

"अजून जरा अडकतंय," ते आतून म्हणाले.

तेव्हापासून बाबांच्या कमरेला पट्टा आहे आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे. पण माणूस तत्त्वाचा पक्का. काल सकाळीही ते नेहमीप्रमाणे शिरले, गिअरवरून पाय टाकला, आणि हॉर्न वाजला नाही. पाय आईच्या मांडीवर पडला होता.

"तू आत कशी आलीस?"

"दारातून."

"ते उघडत नाही."

"बरं. मग मला आता उतरताही येणार नाही," आई म्हणाली. "क्लच कुठला?"

बाबांनी पाय काढून घेतला आणि क्लच दाखवला.

इथवर हसत आलेल्या वाचकांना विनंती करण्यात येते, की 'जरा बिघडलंय, तुला जमायचं नाही' या सबबीखाली आपण घरातली जी वस्तू एकट्यानेच वापरत आहात, ती मागणाऱ्या व्यक्तीच्या हाती आज संध्याकाळपर्यंत सुपूर्द करावी, शेजारच्या सीटवर गप्प बसावं, आणि गप्प बसल्याचा दाखला त्याच व्यक्तीच्या सहीने सादर करावा.