उकळणारी गाडी आणि वाळणारं धुणं

रेडिएटर एकदा धुऊन टाकावा, एवढंच माझ्या मनात आलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागत नाही, हा माझा गुण आहे (बायको याला दुसरं काहीतरी म्हणते).

गाडी सुनेची. हौशी लोकांच्या शर्यती असतात ना, त्यात ती पळवते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा तोंडातला घास तोंडातच राहिला. लग्न ठरलं तेव्हा सांगितलं होतं, मुलगी शांत आहे, ऑफिसात हिशेब बघते. शांत! रविवारी हेल्मेट चढवलं की ती वळणावर अशी गाडी घालते की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. मी मिटतो. माझा मुलगा तर शर्यतीला येतच नाही. घरी बसून देवापुढे दिवा लावतो.

मी जन्मभर पाण्याचा टँकर चालवला. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, पण इंजिनाशी जमलं. म्हणून मी स्वतःलाच सुनेचा मेकॅनिक नेमून टाकलं. ती बिचारी नको म्हणाली नाही. तिथेच चुकली.

तर रेडिएटर. गाडीच्या तोंडाशी ती जाळी असते, इंजिनातलं तापलेलं पाणी तिथे येऊन गार होतं. मागे विजेचा पंखा. मी पंखा काढला, जाळी ब्रश मारून लख्ख केली, पंखा परत बसवला, तारा जोडल्या. काम असं झालं की कुणीतरी फोटो काढायला हवा होता. कुणी काढला नाही.

पुढच्या रविवारी दुसऱ्याच फेरीत गाडीच्या तोंडातून वाफेचा लोट निघाला. मी जागेवरून उडालोच. मला वाटलं, सून गेली. सून खाली उतरली, हेल्मेट काढलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, पाणी उकळलं." भोंग्यावर बोलणारा माणूस गावभर ओरडला, "आली बघा आपली किटली!" लोक हसले. जन्मभर पाणी वाहिलेल्या माणसाला पाण्यावरून हसले!

मी निदान केलं. रेडिएटरचं झाकण गेलंय. झाकण बदललं, गाडी उकळली. मग म्हटलं, पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकतोय. तो बदलला, तरी उकळली. मग पंप, मग नळ्या. दर वेळी माझी शंभर टक्के खात्री होती. गाडीचीही होती.

शेवटी सून म्हणाली, "बाबा, रागावू नका. या मोसमात मी अजून एकही शर्यत पुरी केलेली नाही. परवा शेवटची आहे. उद्यापर्यंत कळलं नाही तर गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे देते."

मी हबकलो. तो गॅरेजवाला? जो इंजिनाला हात लावायच्या आधी हात धुतो? कॉम्प्युटरची वायर जोडून गाडीलाच विचारतो, तुला काय होतंय? त्याच्याकडे गाडी गेली की मी संपलो. मग मी घरात बसून काय करणार? बायकोने निवडलेल्या भाज्या परत निवडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गाडी चालू करून ठेवली, ती तापेपर्यंत आत जाऊन पाना आणला आणि येऊन बघतो तर काय! गाडीच्या तोंडासमोर आडवी दोरी, आणि दोरीवर ओलं धुणं. टॉवेल, उशांचे अभ्रे, माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

"अगं ए! इंजिनाच्या नाकासमोर धुणं? त्याचा श्वास कोंडतोय! म्हणून तापतंय ते! सापडलं, कारण सापडलं!"

"काही सापडलेलं नाही," बायको चिमटे लावत म्हणाली. "गाडी तापायला लागली, ते बघून मी दोरी बांधली. इथे पटकन वाळतं. मस्त गरम वारा येतो."

"गाडीच्या तोंडातून कधी वारा येतो का?"

"उभे राहून बघा ना."

उभा राहिलो. टॉवेल फडकन उडून माझ्या तोंडावर आपटला. मी तो ढकलला. परत आपटला.

"अहो, त्याच्याशी कसली मारामारी करताय?"

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला, आणि तो गरम वाऱ्याचा नव्हता. पंख्याने बाहेरची गार हवा आत ओढायची असते. हा बाहेर फेकत होता. समोरून गाडीला लागणारा वारा आत यायला बघणार आणि आमचा पंखा त्याला दारातूनच हाकलणार!

सून आवाज ऐकून आली. टॉवेल बघितला, पंखा बघितला. "बाबा, पंखा उलटा फिरतोय. तारांची अदलाबदल झाली आहे. शेवटचा कुणी काढला होता?"

मी सुनेकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. दोघी माझ्याकडेच बघत होत्या.

"यांनीच," बायको म्हणाली. "रेडिएटर धुतला त्या दिवशी. माझा भांड्यांचा ब्रश नेला होता, तो अजून दिलेला नाही."

तारा बदलल्या. पंखा फिरला आणि दोरीवरचं सगळं धुणं गाडीकडे झुकलं. माझी चड्डी तर चिमट्यातून सुटून जाळीला जाऊन चिकटली. गाडीतला तापमानाचा काटा अर्ध्यावर येऊन थांबला, वर जाईना. सुनेने सासूला मिठी मारली. (सासूला! पाना माझ्या हातात होता.)

"आता शर्यतीच्या आधी दर वेळी अशीच खात्री करायची," बायकोने जाहीर केलं. "फडकं चिकटलं तर पंखा सुलटा."

रविवारी खरंच केली. मी सुनेचं हेल्मेट पुसत होतो, बायको गाडीच्या तोंडाशी वाकली होती. तेवढ्यात गाड्यांना रांगेत बोलावलं आणि सून निघाली.

गाडी उकळली नाही. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, वाफेचा पत्ता नाही. सून शेवटून तिसरी आली, पण आली! शर्यत पुरी केली! मी लोकांना ढकलून पुढे गेलो, म्हटलं, मेकॅनिक कोण ते आता जगाला कळू दे.

तेवढ्यात भोंगा म्हणाला, "वा, किटली गार आहे आज! आणि तोंडावर तो पट्ट्यापट्ट्यांचा झेंडा कुठल्या संघाचा म्हणायचा?"

मी बघितलं. जाळीवर, वरून दोन चिमट्यांनी अडकवलेली, वाऱ्याने घट्ट चिकटलेली.

"अगं!" मी किंचाळलो. "फडकं लावायचं सोडून हे? आणि हवा अडली असती म्हणजे?"

"कशी अडेल? किती वर्षं सांगतेय नवीन घ्या म्हणून. चाळण झाली आहे तिची, सगळा वारा आरपार जातो." आणि भोंगेवाल्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "संघाबिंघाचा नाही हो! आमच्या ह्यांची आहे!"