सासऱ्यांच्या गळ्यावरची गाठ

माणसाने सिनेमा बघावा, घरी यावं आणि गप्प झोपावं. मी बाहेर पडता पडता थिएटरच्या दारावरची पाटी वाचली. ‘सिनेमातल्या प्राण्याची मातीची हुबेहूब प्रतिकृती करून आणा. रविवारी प्रदर्शन. उत्तम कामाला बक्षीस.’

“त्यात काय, मी करीन की,” मी बायकोला म्हणालो.

“अहो, भिंतीवरचं शेल्फ अजून एकाच खिळ्यावर लटकतंय,” ती म्हणाली. “तुम्ही सुरू केलेली एक तरी गोष्ट पूर्ण झालेली दाखवा. आपलं लग्नसुद्धा बाबांनी रेटलं म्हणून पार पडलं.”

वर्मी लागलं. (ती खरं बोलली की मला लागतंच.) दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी हवेवर वाळणारी माती घेऊन आलो आणि जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. काही झालं तरी हा प्राणी पूर्ण करायचाच होता.

प्राणी म्हणजे दलदलीतून उठून शहरावर चालून येणारं एक धूड होतं. त्याची सगळी ऐट गळ्यात होती. गळ्याखाली सुरकुत्यांची लोंबती पिशवी. ती फुगली की शहरातले दिवे जायचे आणि थिएटरातले लोक पाय खुर्चीवर घ्यायचे. धड मला बऱ्यापैकी जमलं. (बायकोने त्याच्या पाठीवर गरम पातेलं ठेवलं, पण तिने तेव्हा चष्मा लावला नव्हता.) गळा मात्र काही केल्या जमेना. टूथपिकने सुरकुत्या ओढल्या तर त्याची किसणी झाली.

एका व्हिडिओत कुणी शिल्पकार सांगत होता, खऱ्या कातडीवर माती दाबा, ठसा घ्या आणि तो ठसा मूर्तीवर उमटवा. मी आरशात माझा गळा शोधला. तिथे हनुवटी थेट छातीत उतरत होती.

शनिवारी दुपारी सासरे हॉलमधल्या आरामखुर्चीत डोकं मागे टाकून घोरत होते. ते आमच्याकडेच राहतात. त्यांची सगळी नोकरी औषधांच्या दुकानात झाली, त्यामुळे सगळे आजार त्यांना तोंडपाठ आहेत आणि त्यातले बहुतेक आपल्याला आहेत अशी त्यांची खात्री आहे. त्या दुपारी मला यातलं काही आठवलं नाही. मला फक्त गळा दिसला. वाढलेल्या दाढीखाली सुरकुतीवर सुरकुती.

मी लिंबाएवढा मातीचा गोळा हलकेच त्यावर दाबला. घोरणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. जरा घट्ट झाला की काढू म्हणून वाट बघत होतो, तोच बायकोने आतून हाक मारली. लाँड्री बंद व्हायच्या आत कपडे आणायचे होते. लाँड्रीवाल्याने माझा शर्ट जाळला होता, त्यावरून आमची जुंपली. गोळा मी साफ विसरलो.

परतलो तर घराचं दार सताड उघडं. सासरे खुर्चीत डोळे मिटून पडलेले, बायको त्यांचा हात धरून रडतेय, आणि वरच्या मजल्यावरचे डॉक्टर वाकून उभे. (ते दातांचे डॉक्टर आहेत, पण अडल्या वेळी एवढं कोण बघतं?)

“गाठ आहे,” सासरे क्षीण आवाजात म्हणाले. “झोपलो तेव्हा नव्हती. आता दगड झालाय. इतक्या झपाट्याने वाढते म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.”

मला माझा गोळा आठवला. मातीचा रंगही मी नेमका कातडीचा निवडला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“जावईबापू, मी तुम्हाला कायम कुचकामी म्हणत आलो. ते मागे घेतो. माझ्या पोरीला तुम्ही कधी दुखवलं नाही. माणूस चांगले आहात.”

खरं सांगायला हवं होतं, मला कळत होतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं आणि मला खरोखरच भरून आलं. अजून एखाद-दोन वाक्यं ऐकावीत आणि मग सांगावं, एवढाच माझा लोभ होता.

“ही तर हलतेय,” म्हणत डॉक्टरांनी गाठीला नख लावलं.

“हळू, डॉक्टर,” मी ओरडलो. “सुरकुत्या तुटतील.”

गाठ डॉक्टरांच्या हातात आली, चार पांढऱ्या केसांसकट. बायकोचं रडणं मधेच थांबलं. सासऱ्यांनी गळा चाचपला, गाठ पाहिली, टेबलावरचं धूड पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

“मघाशी मागे घेतलं होतं ना,” ते म्हणाले, “ते पुन्हा लागू समजा.”

ठसा मात्र अप्रतिम आला होता. तो उमटवला आणि प्राणी पूर्ण झाला. रविवारी सासरेही निघाले. आपला गळा कुठे जातोय ते त्यांना बघायचं होतं.

परीक्षकबाई माझ्या टेबलापाशी थबकल्या. त्यांनी भिंग काढलं.

“गळा हुबेहूब आहे,” त्या म्हणाल्या. “एकेक सुरकुती जिवंत. पण हा लावलाय कुठल्या प्राण्याला?”

मी उत्तर जुळवत होतो, तोवर सासऱ्यांनी शर्टाचं वरचं बटण काढून हनुवटी वर केली. बाईंनी भिंग त्यांच्यावर धरलं, मग धुडावर, मग पुन्हा त्यांच्यावर. बक्षीस गळ्याला मिळालं, आणि कप अर्थातच सासऱ्यांना.

परतताना रिक्षात धूड माझ्या मांडीवर होतं आणि कप त्यांच्या.

“शिका काहीतरी,” बायको मला म्हणाली. “बाबांनी हे झोपेत पूर्ण केलं.”