हार्माकोर्पीचा हात

एप्रिल लागायच्या आत कांदाचाळ रिकामी करून दे, असं रखमाजी साळव्यांनी मुलीला बजावलं, ते तिसऱ्यांदा. नेवाशाजवळच्या त्यांच्या मळ्यातली ही चाळ म्हणजे वर पत्रा आणि बाजूंना बांबूच्या पट्ट्या; कांद्याला वारा लागावा म्हणून केलेली. कांदे नसतील तेव्हा तिच्यात यशोधराचा ‘चटका’ हा कानठळ्या बसवणारं मेटल संगीत वाजवणारा बँड सराव करायचा. वारा आत येतो त्याच वाटेने आवाज बाहेर जातो, त्यामुळे सरावाला निम्मं गाव घरबसल्या हजर असे.

"नाना, एक महिना द्या. आमचा अल्बम येतोय."

"तू वाजवतीस ते बरं का वाईट, मला काय कळत न्हाई. कुना जानत्यानं तुझं नाव घिऊन चार वळी लिव्हल्या, तर मी कांदे दुसरीकडं टाकीन. न्हाईतर तुमी दुसरीकडं बघा."

सौदा सरळ होता. दिवसभर नेवाशाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासणारी यशोधरा सहा वर्षं गिटार वाजवत होती, आणि या चाळीखेरीज तिला हक्काची जागा नव्हती. जाणताही एकच होता: नगरचे राधाकृष्ण काळे. ‘लोखंडी कान’ नावाच्या आपल्या इंटरनेटवरच्या पानावर ते मेटलच्या नव्या अल्बमना दहापैकी गुण देत, आणि भलेभले बँड त्यांना टरकून असत. आठ महिन्यांपूर्वी तिने त्यांना अल्बममधली हीच सात गाणी पाठवली होती. त्यांनी दोन गुण दिले आणि ‘पत्र्यावर गारा’ एवढंच लिहिलं. नाव घ्यायचेही कष्ट घेतले नव्हते.

आता अल्बमला मुखपृष्ठ हवं होतं. तिचा चुलतभाऊ योगेश, म्हणजे बँडचा ड्रमर, ते काम घेऊन फ्लेक्सवाल्या पुंजारामकडे गेला. पुंजारामने उभ्या हयातीत वाढदिवस, निवडी आणि श्रद्धांजल्या याच छापल्या होत्या.

"वर फोटो कुनाचा?" पुंजारामने विचारलं.

"कुनाचाच न्हाई. ‘ढेकळं’ एवढं अल्बमचं नाव टाक."

"येडा का काय? वर मोठा मानूस नसला तर फ्लेक्स बोडका दिसतो. तुमच्या लायनीत लई मोठं कोन हाय?"

योगेशने चेष्टेत फिनलंडच्या हार्माकोर्पीचं नाव सांगितलं. चाळीस वर्षं गिटार वाजवून म्हातारा झालेला हा माणूस म्हणजे मेटलवाल्यांचा देवच. पुंजाराम मात्र धंद्यात चेष्टा करत नसे. त्याने मोबाईलवर फोटो शोधला, अर्ध्या चित्रात हार्माकोर्पी बसवला आणि खाली सोनेरी अक्षरांत त्याचं नाव टाकलं. शुभेच्छुकांच्या जागी बँडचे चौघे आले, पासपोर्ट फोटोएवढे. यशोधरा शेवटच्या कोपऱ्यात. योगेशला हसू आवरेना. त्याने ते चित्र तसंच अल्बमला लावून इंटरनेटवर टाकून दिलं आणि राधाकृष्णांनाही पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ‘ढेकळं’ला नऊ गुण मिळाले.

‘तिसऱ्या गाण्यातली गिटार ऐका,’ राधाकृष्णांनी लिहिलं होतं. ‘हार्माकोर्पीचा हात लपत नाही. याला म्हणतात चाळीस वर्षांची तपश्चर्या. स्थानिक मुलांनीही बरी साथ केली आहे.’

ते तिसरं गाणं यशोधराने वर्षभर घासलं होतं. बोटांना घट्टे पडले होते. तिला आनंदाने नाचावं की योगेशच्या पाठीत धपाटा घालावा ते कळेना, म्हणून तिने धपाटा घातला.

रखमाजींनी चष्मा लावून सगळं वाचलं. "नऊ म्हंजे झ्याकच की. पर तुझं नाव कुठाय?"

"ते स्थानिक मुलं लिहिलंय ना, त्यात मी आहे."

"मुलं हे काय नाव झालं व्हय?"

तोवर ते परीक्षण भाषांतर होऊन जगभर फिरलं आणि थेट हार्माकोर्पीपर्यंत पोचलं. त्याने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘हे कधी वाजवलं ते आठवत नाही. पण गेल्या दहा वर्षांतलं माझं सर्वांत चांगलं काम.’

"ताई, खुद्द देवानं मानलं तुला!" योगेश ओरडला.

"मला नाही, त्यानं स्वतःलाच मानलंय," यशोधरा म्हणाली. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने राधाकृष्णांना फोन लावला.

"सर, तिसऱ्या गाण्यात मी वाजवलंय. सातही गाण्यांत मीच आहे."

"आणि हार्माकोर्पी?"

"तो फक्त चित्रात आहे, सर."

"पुन्हा ऐकावं लागेल," राधाकृष्ण म्हणाले.

त्यांनी पुन्हा ऐकलं. नवीन परीक्षण सकाळी आलं: ‘तिसऱ्या गाण्यात यशोधरा साळवे यांनी हार्माकोर्पीची हुबेहूब नक्कल केली आहे. यशोधरा साळवे यांच्याकडे स्वतःचं असं काही नाही. यशोधरा साळवे यांनी अजून खूप शिकावं. चार गुण.’

यशोधराने गिटार पिशवीत घातली आणि चाळीतल्या वायरी गुंडाळायला घेतल्या. रखमाजी दारात उभे राहून तिच्या मोबाईलवर एकेक अक्षर बोट ठेवून वाचत होते.

"ह्यो गोरा किती वर्सं वाजवतोय?"

"चाळीस."

"आन् तू?"

"सहा."

रखमाजींनी मोबाईल तिच्या हातात दिला. "ह्या राधाकृष्नाला गान्यातलं कायबी कळत न्हाई," ते म्हणाले, आणि थोरल्या भावाच्या पडवीत किती कांदे मावतील ते बघायला निघाले.