सासऱ्यांचा पिक्चर

मी मुळात कमी बोलणारा माणूस. (बायकोच्या मते मी कमी बोलत नाही, मला बोलताच येत नाही.) ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसतो आणि साहेब म्हणतील त्याला 'हो' म्हणतो. स्वतःच्या डोक्याने काही ठरवायची वेळ क्वचितच येते. यंदा ती आली, आणि मी ठरवलं की बायकोला तिच्या वडिलांचा आवाज ऐकवायचा.

ती पहिलीत असताना ते गेले. शूटिंगचे दिवे वाहून नेणाऱ्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते. एकदा गुंडाचं काम करणारा माणूस आलाच नाही, तेव्हा दिग्दर्शकाने मिशा बघून ह्यांनाच उभं केलं. पिक्चरचं नाव 'सुडाची सातवी सुरी'. तो इतका वाह्यात निघाला की सासूबाईंनी घरात त्याचं नावही काढू दिलं नाही. बायकोकडे वडिलांचा एक फोटो आहे. "चेहरा आठवतो, आवाज गेला," असं ती म्हणते. तेही भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून म्हणते, म्हणून मला ते फार लागतं.

आमचा टायपिस्ट असल्या पिक्चरांमागे वेडा आहे. त्याच्याकडे डिस्क होती, पण ती तो कुणाच्या हातात देत नाही. रविवारी दुपारी डिस्क घेऊन तो स्वतःच आला. सासऱ्यांचं मी त्याला काही सांगितलं नव्हतं. (साहेबांच्या कानावर गेलं असतं. गुंडाचा जावई आवक-जावकला बरा दिसत नाही.) सासूबाई आधी येणार नव्हत्या. मग आल्या, केस नीट विंचरून, आणि सगळ्यांत पुढच्या खुर्चीत बसल्या.

"हा कल्ट पिक्चर आहे, आजी," टायपिस्ट म्हणाला. कल्ट म्हणजे काय, असं सासूबाईंनी विचारलं. जो सपशेल पडला, पण मोजक्या माणसांनी जीव लावून जपला तो, असं त्याने समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा."

पिक्चर सुरू झाला. सात गुंड नायिकेचं घर जाळतात आणि ती सात सुऱ्या विकत घेते. एवढं झाल्यावर तिने कामाला लागावं की नाही? ती आंघोळीला गेली. मी घाईघाईने उठून टीव्हीसमोर उभा राहिलो आणि वायर तपासू लागलो. नायिकेला स्वच्छतेची भारी आवड होती, त्यामुळे वायर मला पुन्हा पुन्हा तपासावी लागली.

"जावईबापू, खाली बसा," शेवटी सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा ती बरी दिसते."

खरी पंचाईत पुढेच होती. सातही गुंडांच्या तोंडाला फडकी बांधलेली. ज्या मिशांसाठी माणूस घेतला, त्याच झाकलेल्या. त्यात सगळ्या गुंडांना मागून एकाच माणसाचा आवाज दिलेला, आणि तोही पडसं झालेल्या माणसाचा. प्रत्येक गुंड आला की बायको पुढे झुकायची आणि आईकडे बघायची. सासूबाई मान हलवायच्या. ह्याची चाल तशी नाही, त्याचे खांदे पडलेले. बायकोचा चेहरा उतरत चालला होता. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, असं मला होऊन गेलं. तिच्याकडे निदान कुठेतरी असेल असा आवाज होता, तोही मी घालवत होतो.

एवढ्यात टायपिस्टने मला कोपराने ढोसलं. "आता बघा. ह्याच्यासाठी तर पिक्चर चालतो."

नायिकेने एका गुंडाला संपवलं आणि त्याच्या मढ्यासमोर उभं राहून स्त्रीच्या सहनशक्तीवर लांबलचक भाषण सुरू केलं. ऐन भाषणात मढं शिंकलं. साधंसुधं नाही, भांड्यांची मांडणी कोसळावी तसं शिंकलं. नायिका बोलतच राहिली.

मी हसलो. ताण इतका साचला होता की पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग लक्षात आलं की खोलीत मी एकटाच हसतो आहे.

बायको उभी राहिली होती. ती आईकडे बघत होती.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी येईल. ते नेहमी दोनदा शिंकायचे."

दुसरी आली. अर्ध्यावरच दृश्य तुटलं.

बाकी सगळ्यांचे आवाज मागून भरले होते. मेलेल्या माणसाला आवाज द्यायचं कुणाला सुचणार? तेवढी शिंक तिथलीच राहून गेली होती, खरी. बायको रडायला लागली. सासूबाईंनी रडं आवरलं, पण ओठ हलत होते. "मी ओरडायची त्यांना," त्या म्हणाल्या. "इतक्या मोठ्यांदा काय शिंकता, पोरगी उठेल."

काय घडतंय ते टायपिस्टला आत्ता कळलं. तो उठून उभा राहिला, साहेबांपुढेही राहत नाही तसा. ही शिंक आली की अख्खं थिएटर एकदम शिंकतं, असं त्याने हळूच सांगितलं. मग मी रिमोट घेतला आणि अंधारून येईपर्यंत सासऱ्यांना मागे नेऊन पुन्हा पुन्हा शिंकवत राहिलो. सातवी सुरी निघाली की नाही, मला आजही माहीत नाही.

सगळे गेल्यावर बायको भांडी विसळत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती, पण मी नुसतं पुसायचं फडकं उचललं.

"हसलात तुम्ही," ती म्हणाली.

"हं."

"असू दे. बाबाही हसले असते." तिने माझ्या हातात ओलं ताट दिलं. "मेल्यावरसुद्धा त्यांचा आवाज निघाला. तुमचा जिवंतपणी तरी निघतो का बघा. हे पुसून ठेवा."

मी 'हो' म्हणालो. (तिला ऐकू गेलं नाही.)